ऐनावरची बाळंतीण

"उतर खाली! उतर म्हंते ना! नायतर दगडानं पाडीन, मंग देवाच्या दारी जाऊन सांग, बायकोनं धाडला म्हून!"

बायडीचा आवाज तसा मऊ. पाड्यावर कुणाशी ती चढ्या सुरात बोलल्याचं कुणाला आठवत नाही. रोज सकाळी गावदेवीच्या दगडावर पाण्याचा तांब्या आणि एक हिरवं पान ठेवल्याशिवाय ती चहाचा घोट घेत नसे. आणि नवऱ्याला चार शब्द ऐकवल्याशिवाय तो घोट तिला गोड लागत नसे. एवढाच काय तो तिचा तापटपणा.

देवू बांधावरच्या जुन्या ऐनाच्या झाडावर, कमरेला कोयता लावून, दोन फांद्यांच्या बेचक्यात बसला होता. खाली उतरावं तर बायको, वर चढावं तर घुबड. घुबडाचं त्याला एवढं भय नव्हतं.

"आगं, टाहाळ नाय तोडला तर राब कशाचा भाजू? तुझ्या केसांचा?"

"भाज. तेवढंच मोकळं व्हईल डोकं. पन त्या फांदीला हात लावू नको. तिथं बाळंतीण हाय."

माघ सरत आला की डोंगरातल्या माणसाला दुसरं काही सुचत नाही. बांधावरच्या ऐनाच्या फांद्या छाटायच्या, त्या पाल्यासकट वाळवायच्या, शेण, हा टाहाळ, गवत, वर माती असे थर शेताच्या एका तुकड्यावर द्यायचे आणि वैशाखात पेटवायचे. जमीन भाजून निघाली म्हणजे तणाचं बी मरतं, आणि पावसात त्या राखेतून भाताची रोपं अशी तरारून उठतात की बघत राहावं. राब नाही तर रोप नाही, रोप नाही तर भात नाही. म्हणून देवू चिडला होता, आणि त्याचं चुकत नव्हतं.

पण ऐनाच्या जाड फांदीला एक ढोली होती. कुण्या आज्याच्या काळी कोयत्याचा घाव जरा खोल बसला होता, तो कुजत कुजत एवढा झाला होता. त्या ढोलीत रानपिंगळ्याची मादी बसली होती, आणि नर समोरच्या उघड्या फांदीवर, भर उन्हात, शेपटी डावी-उजवी हलवत देवूकडे असा बघत होता की जणू सातबारा त्याच्याच नावावर आहे.

हे सगळं निमेश सरांमुळे झालं. ते पालघरहून पक्षी बघायला आले होते, गळ्यात तोफेएवढा कॅमेरा. आल्या आल्या ते बांधावर पालथे पडले. बायडीला वाटलं, भोवळ आली. तिनं पाणी आणलं तेव्हा ते कुजबुजले, "हलू नका मावशी! तो बघतोय!"

मग उठून, शर्टाला लागलेलं शेण झटकत, त्यांनी सांगितलं की हा साधा पिंगळा नव्हे. हा रानपिंगळा. शंभरावर वर्षं हा कुणाला दिसलाच नव्हता. संपला, असंच लोक धरून चालले होते. मग पुन्हा सापडला, पण फार थोडे उरलेत. "त्यातली एक जोडी तुमच्या ऐनावर आहे, मावशी!"

बायडीला लाजल्यासारखं झालं. इतकी वर्षं पाहुणे आपल्या बांधावर राहतायत आणि आपण साधी ओळखही ठेवली नाही! तिला सगळे पिंगळे सारखेच दिसायचे. आता बघितलं तर खरंच, ह्याच्या डोक्यावर ठिपके नव्हते, पोट पांढरं होतं, आणि पायात पाटलाच्या घरी शोभावे असे दांडगे पंजे.

"पिल्लं उडेपर्यंत झाडाला कोयता लावू नका," सर म्हणाले होते.

"नाय लावत," बायडी म्हणाली होती. बस. शब्द दिला म्हणजे दिला.

देवू उतरला. पण तो उतरत असतानाच नर पिंगळा मोठ्यानं ओरडला, आणि नेमकी तेव्हाच बांधावरून बायडीची जाऊ शकू चालली होती. शकूच्या कानावर पडलेली गोष्ट पाड्यावर पोहोचायला मोबाईलची रेंज लागत नसे.

"बायडे! भर दुपारी घुबड बोललं?"

"त्याला दिवसाच दिसतं. रातीला तो निजतो, तुझ्या नवऱ्यासारखा."

"हस, हस! घरात पोटुशी सून, आन दारात दिवसा बोलणारं घुबड! आदीच दोन गेली तिची."

बायडीचं हसू तिथंच वाळलं.

सून सपना सातव्या महिन्यात होती. याआधी दोनदा तिची कूस भरली आणि दोन्ही वेळा रिकामी झाली. हा तिसरा जीव. सगळं घर तिच्या पोटाकडे बघून श्वास घेत होतं, आणि शकूनं नेमकं तिथंच बोट ठेवलं.

दुसऱ्याच दिवशी तात्या भगत मोटारसायकलवरून आला. त्याला बोलवायला देवू गेला होता की शकू, हे शेवटपर्यंत कळलं नाही. भगताला बोलावणारा कुणी कबूल होत नाही, पण भगत मात्र येतो. तात्यानं सुपात तांदूळ घेतले, दाणे बोटानं इकडचे तिकडे केले, खिशातला मोबाईल वाजला तो बंद केला, आणि डोळे मिटले.

"दिवसा बोलणारं घुबड पोटातल्या जिवाला हाक मारतं," तो म्हणाला. "जीव आतून ओ देतो. आन जातो."

सपना भिंतीला टेकून बसली होती. तिचा हात पोटावर गेला.

"मंग काय करावं, तात्या?" देवूनं विचारलं.

"येत्या मंगळवारी फांदी पाडायची. घुबड जितं धरायचं, माझ्या हवाली करायचं. मी बांधीन त्याला."

"जितंच?" बायडीनं विचारलं.

"मेलेल्याला काय बांधू? तू इचारू नको, बायडे. हे बायांचं काम नाय."

"खरं हाय," बायडी शांतपणे म्हणाली. "बाळंत व्हायचं तेवढं बायांचं काम."

तात्या कोंबडी घेऊन गेला. ती सल्ल्याची. कामाची वेगळी.

त्या रात्री सपना जेवली नाही. सकाळी बायडीला म्हणाली, "आये, पाडून टाका ना ते झाड. माला भ्या वाटतं."

बायडीनं तिला काही समजावलं नाही. तिचा हात धरला, बांधावर नेलं, गोणपाट टाकून उन्हात बसवलं. "बस हितं. बघ नुसतं."

दोघी बघत बसल्या. थोड्या वेळानं नर कुठूनसा आला. चोचीत सरडा. तो ढोलीपाशी बसला, आतून मादीनं डोकं काढलं, सरडा घेतला, आणि एक शब्द न बोलता आत गेली. नर जरा थांबला, जणू कुणी शाबास म्हणेल. कुणी म्हणालं नाही. तो पुन्हा गेला, उंदीर घेऊन आला. पुन्हा तेच.

सपनाला हसू फुटलं. "हिचा बरा हाय नवरा. आमचा तं सुट्टीच्या दिशी रिकाम्या हातानं येतो नि इचारतो, काय केलंस खायला."

"तीबी आतून तुझ्याकडं बघत असंल," बायडी म्हणाली. "तिची सासू तिला सांगत असंल, त्या घरातली बाई दिवसा बोलते, लय वाईट अपशकुन."

सपनानं गोणपाटाचा एक दोरा ओढला. "आये, मंग माझी दोन का गेली?"

बायडीनं तिच्या पायावरची माती झटकली. "दोन्ही टायमाला तू भट्टीवर व्हतीस. डोक्यावर विटा, पायाखाली निखारा. तिथं कुठं व्हता गं पिंगळा? तिथं तं बसायला झाडच नव्हतं." मग म्हणाली, "दवाखान्यातली सिस्टर म्हनली, रक्त कमी. गोळ्या खा. ह्या वक्ताला भट्टीवर तुला जाऊ दिली नाय ना मी? मंग. एका बाळंतिनीसाटी दुसऱ्या बाळंतिनीचं घर उठवायचं, आसं कनच्या देवानं सांगितलंय ते माला दाखव."

सपनाची भीती पुरती गेली नाही. पण तिनं जाऊन गोळी घेतली.

रविवारी अंकुश आला. सपनाचा नवरा, बोईसरला एका कारखान्यात कंत्राटावर. आला तो पोट धरून हसतच.

"आये, भारी गंमत! आमच्या कंत्राटदाराचा एक शेठ हाय. धंदा बसला त्याचा. कुनीतरी सांगितलं, घुबड आणून बळी दे, लक्षुमी चालत येते घरी. झालं! त्याची मानसं गेटावर इचारत फिरतात, उल्लू मिलेगा क्या, उल्लू. आमचा मिथुन म्हनतो, साहब को उल्लू चाहिए तो आईना दे दो!"

देवूही हसला. अंकुशला हुरूप आला. "आन दलाल कोन धरलाय त्यानं ठावं हाय? आपला तात्या! नाक्यावर दोघं बसलेले म्या सोताच्या डोळ्यांनी..."

बोलता बोलता त्याचं तोंड उघडंच राहिलं. त्यानं आईकडे बघितलं, मग बापाकडे, मग लांब बांधावरच्या ऐनाकडे.

"पोपटाचा पिंजरा घेतलाय त्यानं," तो हळूच म्हणाला. "म्या म्हनलं, पोपट पाळतो काय भगत."

बायडी तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले नाहीत. "ज्या लक्षुमीला घरी बोलवायचं, तिचाच घोडा कापून खायचा. मंग ती येनार कशी? रिक्षा करून?"

"भगताला आसं बोलू नये," देवू घाबरून म्हणाला. "जीभ झडते."

"तुझी तं लग्नापासनं झडलेलीच हाय. आता तरी जाऊन बोल त्याला."

देवू उठला, गोठ्यात गेला आणि बैलाला बोलला. बैलाला पटलं असावं. तो मान हलवत होता.

बायडीनं अंकुशला निमेश सरांना फोन लावायला सांगितलं. स्पीकरवर सरांचा आवाज आला, मागं माईकची टेस्टिंग चालू होती.

"मावशी, अजिबात हात लावू देऊ नका! कायद्यानं गुन्हा आहे! मंगळवारी म्हणता? अरे देवा. मंगळवारी आमची कार्यशाळा आहे, एसी हॉल घेतलाय. घुबड वाचवा याच विषयावर! शाळेची मुलं घुबडाचे मुखवटे घालून रॅली काढणार आहेत."

"मंग जंगलच्या गार्डसायबाला तरी धाडा."

"ते इथंच आहेत, स्टेजचं बघतायत. मी गुरुवारी नक्की येतो. तोवर तुम्ही त्यांचं प्रबोधन करा!"

"काय करू?"

"प्रबोधन! समजावून सांगा!"

फोन बंद झाला. बायडी म्हणाली, "चांगला मानूस हाय. घुबडासाटी पोरं घुबडं व्हनार, आन घुबड पिंजऱ्यात जानार."

सोमवारी तिनं प्रबोधन करून बघितलं. घरोघर गेली. लोक ऐकून घेत, कारण बायडी चांगली बाई. मग म्हणत, खरं असंल तुझं, पण देवानं सांगितलंय ना. भगतानं नव्हे, भगताच्या अंगात येऊन देवानं. आता देवाच्या पुढं कोण बोलणार?

परतताना ती गावदेवीच्या दगडाशी थांबली. तिथं ती किती वेळ बसली कोण जाणे. शेळ्या घेऊन जाणाऱ्यांनी तिला बघितलं, ती पुटपुटत होती आणि मधूनच आपल्याच गालात मारून घेत होती. त्यांना वाटलं, सुनेसाठी नवस बोलत असेल.

मंगळवारी ऊन चढल्यावर अख्खा पाडा ऐनाखाली जमला. ढोल आला. शकूनं नव्या लुगड्याची घडी मोडली होती. तात्यानं मोटारसायकल बांधाखाली लावली होती, आणि मागच्या सीटवर पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी दोरीनं बांधलं होतं. देवू कोयता घेऊन झाडापाशी उभा, फाशी देणारा तोच आणि फाशी जाणाराही तोच, असा चेहरा. वर नर पिंगळा ढोलाच्या ठेक्यावर शेपटी हलवत होता. त्याला वाटलं असेल, पिल्लांचं बारसं आहे.

ढोल वाढला. तात्याच्या खांद्याला झटका आला, मान गरगरली, "हूं... हूं..." सुरू झालं. बायकांनी पदर डोक्यावर घेतले. देवूनं पहिल्या फांदीला हात घातला.

आणि गर्दीतून एक किंकाळी उठली.

बायडी! केस मोकळे, डोळे ताठ, अंगभर थरकाप. जी बाई हळू आवाजात मीठ मागते ती आता अशी गरजली की ढोलवाल्याची काठी हवेतच राहिली.

"कोन रं तो? माझी लेक बाळंत झालीय वर! कोन कोयता लावतो माझ्या लेकीच्या बाजेला?"

देवू झाडावरून पडलाच. फार वर चढला नव्हता, म्हणून वाचला.

"वारं आलं! बायडीच्या अंगात वारं आलं!" शकू ओरडली आणि सपशेल पाया पडली.

तात्याचं घुमणं अर्धं राहिलं. पण इतकी वर्षं धंद्यात होता तो. ढोलवाल्याला खूण केली, ढोल पुन्हा सुरू झाला. अंगातल्या वाऱ्यानं समोरच्या वाऱ्याला ओळख विचारायची, अशी रीत. तो घुमत घुमत तिच्याजवळ आला आणि कपाळाला कपाळ लावल्यासारखं करून, दात न उघडता पुटपुटला, "बायडे, नाटक बंद कर."

बायडीही घुमत होती. तीही तशीच पुटपुटली, "तू पयला कर."

"गावापुढं उघडी पाडीन तुला. खोटं हाय म्हून सांगीन."

"सांग की. माझं खोटं तं तुझं खरं कसं, तेबी सांग."

दोघं गोल फिरली. लोक हात जोडून बघत होते. दोन देव भेटतायत, असं भाग्य कुठं मिळतं?

"कापूर ठेव हातावर," तात्यानं दात खाऊन म्हटलं, आणि मोठ्यानं ओरडला, "देवी असशील तर कापूर घे!"

बायडीनं तळहात पुढं केला. पेटता कापूर तिथं जळला. तिच्या ओठातून हूं की चूं आलं नाही, पण डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या. सपनानं ते बघितलं. आणखी कुणी बघितलं नाही, कारण सगळ्यांचे डोळे भक्तीनं मिटलेले होते.

"झालं?" बायडी पुटपुटली. "आता मी सांगू देवीच्या तोंडानं, तुझ्या गाडीवर पोत्यात काय हाय? आन कनच्या शेठला पायजे?"

तात्याचा पाय थांबला. त्यानं बांधाखाली गाडीकडे बघितलं, गर्दीकडे बघितलं, अंकुशकडे बघितलं. कामावर खाडा करून थांबलेला अंकुश गाडीच्या अगदी जवळ, हात मागं बांधून उभा होता.

मग तात्या धाडकन गुडघ्यावर आला आणि दोन्ही हात वर करून ओरडला, "देवी खरी हाय! खरी हाय! गावदेवी सोता आली! कुनी झाडाला हात लावू नका! माझ्या ढोलानं जागी झाली ती, म्याच बोलावली तिला!"

लोकांनी आधी बायडीच्या पायावर डोकं ठेवलं, मग तात्याच्या. देवूनं कोयता लपवायला जागा शोधली. तात्या त्या दिवशी दोन कोंबड्या घेऊन गेला. एक त्याची, एक देवीला आणल्याबद्दल. पोतं जसं आलं तसं परत गेलं.

गुरुवारी निमेश सर खरंच आले. कार्यशाळा यशस्वी झाली म्हणाले. येताना मोठा बोर्ड आणला होता, 'रानपिंगळा वाचवा', वर चित्र मात्र शिंगं असलेल्या भल्यामोठ्या हुमण घुबडाचं. ऐनाच्या खोडाला खिळे ठोकून तो लावणार, एवढ्यात शकूनं त्यांचा हात धरला. "देवीचं झाड हाय! खिळा मारलास तर रगत ओकशील." सरांनी गुपचूप बोर्ड बांधाला टेकवून ठेवला. प्रबोधन म्हणतात ते हेच असावं.

चैत्र लागता लागता पिल्लं उडाली. तीन होती. पहिले काही दिवस ती फांद्याफांद्यांवर बसून एवढी ओरडली की सगळ्या पाड्याला दिवसा घुबडाचा आवाज ऐकायची सवय झाली. वैशाखाच्या तोंडाला सरकारी दवाखान्यात सपनाला मुलगी झाली. काळीसावळी, मुठी आवळून रडणारी. तात्या तिच्यासाठीही एक कोंबडी घेऊन गेला.

सगळं आटपलं तेव्हा देवूनं कोयत्याला धार लावली आणि ऐनाकडे निघाला. उशीर झाला होता, पण पाला अजून वाळला असता. बांधावर शकू आडवी आली. मागं सात-आठ बायका.

"कुठं रं? देवीची लेक बाळंत झाली ती जागा! त्या झाडाला आता कोयता? मरेपर्यंत नाय!"

"आगं पन पिल्लं गेली उडून..."

"देवी गेली काय उडून?"

देवूनं बायकोकडे बघितलं. सांग आता, म्हणून. पण बायडी तरी काय सांगणार? देवी आलीच नव्हती म्हणून? मग उद्या ढोल वाजला की पुन्हा पिंजरा आला असता. ती घरी गेली, चुंबळ आणि दोरी घेतली, आणि पलीकडच्या डोंगराची वाट धरली. त्या वर्षीचा राब तिनं तिथून डोक्यावर भारे वाहून केला. पुढच्या वर्षीचाही. ऐनाच्या ढोलीत तोवर पुन्हा कुणी बसलं होतं, आणि दुपारच्या उन्हात पुन्हा एकजण शेपटी हलवत होता.

एकदा उतारावर ती भारा टेकवून दम खात होती, तेव्हा शकूनं तिला गाठलं. डोक्यावर तिचाही भारा होता, पण तिचे ऐन दाराजवळचे.

"बायडे, तू तं देवीची लाडकी. तिला इचार ना, एवढं एक झाड सोड म्हून. किती दिस वाहशील हे वझं?"

"इचारलं."

"आन? काय म्हंते?"

बायडीनं कपाळावरचा घाम पदरानं पुसला. "म्हंते, माझ्या नावानं खोटं बोलनाऱ्याला मी मोकळं सोडीत नाय."

शकूनं कानाला हात लावला, मग आजूबाजूला बघून हळूच विचारलं, "म्हंजे... तात्याला?"

बायडीनं भारा उचलून डोक्यावर घेतला, मान सावरली आणि उताराला लागता लागता म्हणाली,

"त्यालाबी."